रोविनाने न सांगितलेली बाळंतपणं

जर्सी सिटी, मंगळवार

प्रिय मानांग पुरिंग,

तुझा गुडघा कसा आहे? अंगणातला आंबा मोहरला का?

मी ठणठणीत आहे. रोविनाही जेवते आहे. मात्र इथल्या इस्पितळात निवासी डॉक्टरची जागा तिला यंदाही मिळाली नाही. काल दोन ओळींचा ई-मेल आला. हे तिसरं वर्ष. तू नऊ दिवस गुडघे टेकून केलेली प्रार्थना वाया गेली असं मी म्हणत नाही, पण देवाशी माझं बोलणं बंद आहे.

आपल्या देशात आठ वर्षं डॉक्टरकी केलेली माझी मुलगी इथे दवाखान्यात लोकांची वजनं करते. इस्पितळवाल्यांचं म्हणणं, पदवीला फार वर्षं झाली. रोगी तपासून डॉक्टर शिळा होतो का?

मी विचारलं, "वादळात शाळेच्या वर्गात अकरा बाळंतपणं केलीस, ते मुलाखतीत सांगितलंस ना?"

"नाही."

"का गं?"

"त्यांनी विचारलं, तुमच्यात विशेष काय? मी म्हटलं, अजून शिकतेच आहे. नानाय, बढाई मारणं पाप, हे आईचं, तुझंच शिकवणं ना?"

माझंच. शाळेतल्या नन्सनी मला छडीने शिकवलं, मी तिला दंडाला चिमटे काढून.

सप्टेंबरात ती पुन्हा अर्ज करेल. म्हणून मी तिला समोर बसवून म्हटलं, "बोल, मी चांगली डॉक्टर आहे."

मानांग, ती बोलली. पण बोलताना तिने हाताने दंड झाकून घेतला.

आशीर्वादासाठी तुझा हात कपाळाला लावते.

तुझी धाकटी बहीण,
सेलिंग