दोन रकातींची मुभा

चिरंजीव बंधू मबरूक यास, थोरल्या भावाचा सलाम.

आज दूझहून जुनी मोटारसायकल काढली आणि वाळूतल्या आडवाटांनी, घाई न करता, शंभर किलोमीटरांवरच्या आपल्या गावी आलो. गावाने मला डावलून तुला इमाम केले, तेव्हा 'तुझ्यामागे नमाजेला कधीच उभा राहणार नाही,' असे मी बोललो होतो. अकरा वर्षांनी ते शब्द मागे घ्यायचे होते.

विहिरीपाशी जिलानी भेटला.

"शेख, या वयात फटफटी? उंटीण माहेरी गेली काय? चला, दुपारची अजान झाली. मबरूक येणाऱ्याजाणाऱ्याला तुमचंच विचारतो."

मी विहिरीपाशीच थांबलो. "मी प्रवासी आहे. प्रवाशाला नमाजेत चारऐवजी दोन रकातींची, दोनच आवर्तनांची, मुभा असते. इथेच पढतो."

"जन्मलात इथं, आणि म्हणे प्रवासी!"

झाडाखाली दोन रकाती पढून मी माघारी फिरलो. शास्त्राने मला दोष दिला नाही. पण तुझ्यामागे उभा राहिलो असतो, तर प्रवासी असूनही इमामाबरोबर चारही पुऱ्या कराव्या लागल्या असत्या. अल्लाहने थकलेल्यांना दिलेली सवलत मी अहंकारासाठी वापरली.

पत्र पाठवणे हीदेखील सवलतच ठरेल. म्हणून हे पाठवत नाही. पुन्हा यावेच लागेल.

विहिरीपर्यंतच पोचलेला,
तुझा भाऊ अम्मार