वडिलांच्या वस्तऱ्याबाबत

मी, खाली अंगठा उठवणारा, दोन खुर्च्यांच्या सलूनचा थोरला मालक, लिहून ठेवतो की पक्षाघाताने माझी उजवी बाजू गेली असली तरी डोकं ठिकाणावर आहे. धाकट्या भावाचं मत वेगळं असेल, ते प्रत्येक बाबतीत असतं. मी सांगतो आहे आणि समोरच्या दुकानातला शिंपी लिहून घेतो आहे. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही.

राहतं घर सामानासह पत्नीचं. पुढे तिने ते कोणाला द्यावं यावर मी बोलणार नाही. आयुष्यभर बोललो तेवढं पुरे.

सलूनमधला माझा निम्मा हिस्सा धाकट्याचा. गिऱ्हाइकं आमच्यात आपोआप वाटली गेली होती. माझ्या खुर्चीत शिस्त, घराणं, देश. त्याच्या खुर्चीत संप, मजुरी, हक्क. निवडणुका आल्या की दोघांच्या कात्र्या जरा जास्तच वाजायच्या. मी म्हणायचो, आधी आपली माणसं. तो विचारायचा, "दादा, आपली म्हणजे कुठपर्यंत?" मला वाटायचं, हा उगाच फाटे फोडतो.

वडिलांचा वस्तरा थोरल्याचा, म्हणून माझ्याकडे. गेल्या वर्षी मी जेवायला गेलो असताना धाकट्याने त्या वस्तऱ्याने पुलाखाली राहणाऱ्या एका माणसाची दाढी केली. त्या माणसाच्या गालांवर खपल्या होत्या, दुसऱ्या पात्याने त्या ओढल्या गेल्या असत्या. मी परतलो तेव्हा तो आरशात बघून गालावरून हात फिरवत होता. त्याच्यादेखत मी म्हणालो, "बाटवलास वस्तरा."

"हत्यार आहे दादा, देव नाही," धाकटा म्हणाला.

मी वस्तरा उकळला, पुन्हा उकळला आणि कपाटात टाकला. तो माणूस जाताना नमस्कार मलाच करून गेला.

आता धाकटा रोज सकाळी माझी दाढी करतो, नव्या पात्याने. परवा मी विचारलं, वडिलांचा वस्तरा का घेत नाहीस?

"तुला चालणार नाही दादा. त्या माणसाला लागलाय तो."

त्यात टोमणा नव्हता. मला जे पवित्र वाटतं ते त्याला पटत नाही, तरी माझ्यासाठी तो ते पाळतो. त्याच्यासाठी मी असं काही पाळल्याचं आठवत नाही. त्याच वेळी "आण तो" म्हणायला हवं होतं. मी "बरं" म्हणालो आणि मला सुटल्यासारखं वाटलं. तसं वाटलं याची मला फार लाज वाटते. शिंपी म्हणतो, हे मृत्युपत्रात कशाला? म्हटलं, लिही. माझी मतं बदललेली नाहीत, हेही लिही. कालही मत मी माझ्याच पक्षाला दिलं.

सबब, वस्तरा धाकट्याला. मला नेण्याआधी माझी शेवटची दाढी त्याने त्याच वस्तऱ्याने करावी. तो आधी उकळू नये.

डाव्या अंगठ्याचा ठसा (उजवा हात चालत नाही, धाकट्याने हसून घ्यावं)

साक्षीदार : समोरचा शिंपी, सही. मला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई, सही. शुद्धीत असल्याची खात्री केली.

ठिकाण : सलूनमागची खोली
दिनांक : मतदानानंतरचा दिवस