कोळशाच्या मोटारीची कोळशासाठी स्वारी

रा. रा. मालोजीराव व्याही यांस, धाकलूचा ओहोळाकाठून रामराम.

आपण, विहीणबाई, जावईबापू खुशाल असाल. आपली पांढरी बैलजोडीही धडधाकट असेल. (सहज विचारले.) इकडे आमची धाकटी लेक गोदा लग्नघाईने हरखलेली आहे आणि माझी कंबर सोडली तर सारे क्षेम आहे.

सुपारीच्या दिवशी आपण नवरीसाठी बैलगाडी देऊ केलीत आणि मी चार माणसांत बोलून गेलो, की आमची लेक मोटारीतूनच येईल. व्याहीबुवा, ती मोटार म्हणजे हात जोडावे अशी वस्तू आहे! लढाईमुळे पेट्रोल मिळत नाही, म्हणून पुतण्या हिरामणने तिच्या पाठीला अंघोळीच्या बंबासारखा भलाथोरला बंब बसवून आणला. त्यात कोळसा पेटवायचा, पंखा फिरवायचा, की आतला धूर (हिरामण त्याला ग्यास म्हणतो) पुढे जाऊन मोटार ओढतो. जन्मभर आपण बंब पेटवले आणि नुसते पाणी तापवत बसलो! ती पहिल्यांदा हलली तेव्हा मी बसल्या जागी उठून उभा राहिलो. आमच्या कारभारणीने, अंबाबाईने, बंबाला कुंकू लावले, ते करपले, तरी तिने पुन्हा लावले.

आता चौकात कोळसा महाग आणि डोंगराच्या वाडीवर निम्म्या भावाने. हिरामण म्हणाला, "काका, लांब पडंल." मी म्हणालो, "मग जास्त आणू रं, म्हंजे नफा बी जास्त!" (हा हिशोब मला अजूनही बिनचूक वाटतो. चूक रस्त्याची आहे.) जाताना चढणीवर मोटारीने घरचा कोळसा संपवला. वाडीवर पारूबाईची सारी भट्टी विकत घेतली, पोती रचली आणि ओहोळात झोकात उतरलो. पलीकडची चढण मात्र ओझ्याने चढेना. हिरामण पोती उतरवू म्हणाला. मी म्हणालो, उगाच पाठ कशाला मोडायची, एक पोते बंबात घाल, तेवढीच मोटार हलकी होईल. झाली हलकी, पण चढली नाही. मग दुसरे घातले, मग तिसरे. दर खेपेला ती जरा वर जाई आणि मागे येई, आणि खोटे कशाला बोलू, त्या धुरात तिचे ते हुंकार ऐकून माझ्या अंगावर काटा येई. शेवटी ती अगदी फुलासारखी हलकी झाली, सरसर निम्मी चढण चढली आणि थांबली. जाळायला काहीच उरले नव्हते. चाकाखाली दगड लावून आम्ही बसलो.

पारूबाई वरून ओरडली, "आजा, हितंच जाळायचा व्हता तर मीच जाळला असता की! भट्टी माझीच हाय!" तिची पुढली भट्टी उघडायला आठवडा आहे. लग्न परवा.

इतका कोळसा क्षणात कुठे गेला, हे आकाशाकडे पाहून मी अजून नवल करतो आहे. लोभ आहेच, तो असाच ठेवावा.

आपला,
धाकलू

ता. क. पत्र आणणाऱ्या लडकूला भाकरी घालावी आणि त्याच्याबरोबर बैलजोडी धाडावी. मोटारीच्या भरवशावर आमचे बैल मी भावकीला देऊन बसलो.

आणखी ता. क. बैल कर्जतवरून वळवून आणवावेत. तिथे पेंड स्वस्त मिळते म्हणतात.

शेवटचे. गोदा मोटारीतच बसेल, बैल पुढे जुंपू. बंबात ओला पाला पेटवू, म्हणजे मांडवातून धूर दिसेल. आपण फक्त चार माणसांत बैलांना ओळख दाखवू नये.