कुंभेतल्या तांबड्या ताऱ्याचा उतार

३ ऑगस्ट
सोयाबीन दळायला टाकण्याआधी आज पहाटे मागच्या शेतात गेलो. कुंभ राशीतला तांबडा तारा दुर्बिणीत धरला, शेजारच्या न बदलणाऱ्या ताऱ्यांशी त्याचं तेज ताडून पाहिलं. आणि चिठ्ठीवर, दिसला त्यापेक्षा बराच उजळ लिहिला. हात अडखळला नाही – हेच वाईट.

मिनोवा गुरुजी नेहमीसारखे माझ्या टोफूच्या दुकानात आले. शाळेत असताना त्यांनीच मला आकाश दाखवलं. तेव्हापासूनचा नेम – आपापल्या घरून बघायचं, आधी सांगायचं नाही, टोफूच्या टबाशेजारी दोन्ही चिठ्ठ्या एकदम उलटायच्या. आज जवळजवळ सारख्या निघाल्या.
"जमलं की रे, योशितो," म्हणाले. ताठ पाठीनं गेले.

गेल्या आठवड्यात फरक फार पडला तेव्हा म्हणाले होते, "माझं आटपलं वाटतं. पहाटे उठू तरी कशाला?" बायको वारल्यापासून एकटेच असतात.

५ ऑगस्ट
बायको, सुमिए, हसत आत आली. "अहो, गुरुजी विचारतायत, टोफूत अंडं घातलंत का? पिवळा दिसतो म्हणे."
मला हसू आलं नाही. मोतीबिंदू. त्यानं डोळ्यातलं भिंग पिवळं पडलं की पांढरे तारे मंद दिसतात, त्यांच्या शेजारी तांबडा उगाच उजळ.
"मग सांगा त्यांना."
"उठायचे बंद होतील."
"आणि तुम्ही खोटं लिहीत बसणार? एवढ्या लांबच्या ताऱ्याचं काय बिघडतंय म्हणा त्यानं."

९ ऑगस्ट
टोफूचा पहिला तुकडा देव्हाऱ्यातल्या बुद्धापुढे ठेवला. त्याचं नाम ओठावर येईना.

तो थोरला तांबडा फुगतो, आक्रसतो. त्याच्याभोवती एक बारीक पांढरा सोबती फिरतो, आमच्या दुर्बिणीत कधीच न दिसणारा. थोरल्याच्या अंगावरून जे सुटतं, त्यातलं थोडं हा ओढून घेतो. त्यांना कुणी मोजावं अशी गरज नाही. सुमिएचं बरोबर आहे. बिघडतं ते मोजणाऱ्याचं.

आम्ही आकडे पाठवतो त्या निरीक्षक मंडळाचा फोन होता. सगळीकडे ढग, बाकीच्यांच्या पहाटा बुडाल्या. "तारा मंदावत चाललाय. या उताराला तुम्हा दोघांचाच आधार."

१४ ऑगस्ट
पितरांच्या सणाला, ओबोनला, गुरुजी लेकीकडे मातसुमोतोला गेले. आता खरं लिहायला कुणाची आडकाठी नव्हती. पण मध्येच खरं लिहिलं तर आकड्यांत उडी दिसेल. पुन्हा खोटंच लिहिलं.

३० ऑगस्ट
ढग. बरं वाटलं.

६ सप्टेंबर
गुरुजी परतले. डोळ्यांवर काळा चष्मा, तो दुकानात येऊन काढला. लेकीनं धरून नेऊन दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया करवली.
"तुझा टोफू एवढा पांढरा असतो होय रे? मला वाटायचं, दळणात काटकसर करतोस."
चिठ्ठ्या उलटल्या. त्यांचा तारा माझ्यापेक्षा कितीतरी मंद. खरा.
त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या शेजारीशेजारी ठेवल्या. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.
"लाजू नकोस. वय झालं की डोळे जातातच. मातसुमोतोचा डॉक्टर चांगला आहे. मी येतो सोबत."

७ सप्टेंबर
सुमिए म्हणते, "जा की. जिभेवरही उपचार करतात का तेही विचारा."

८ सप्टेंबर
दुकान आवरून त्यांच्या घरी गेलो. गुडघे टेकून सगळं सांगितलं.
रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच विचारलं, "खरे आकडे कुठे लिहून ठेवलेस?"
"कुठेच नाही."
"आठवतात?"
"खात्रीनं नाही."
"माझ्या डोळ्यांची काळजी केलीस," ते म्हणाले, "आणि खरं दिसत होतं ते तुला एकट्याला."

चहा निवला. त्यांनी दुसरा ओतला नाही.

१० सप्टेंबर
मंडळाला कळवलं – माझे या उन्हाळ्यातले सगळे आकडे काढून टाका. गुरुजींनी शस्त्रक्रियेआधीचे स्वतःचेही काढायला सांगितले. तारा उतरला, पण कसा उतरला ते आता कुणालाच ठाऊक नाही.