पाचूवेलीला दिलेला ताण

६ डिसें.
शोभाला नाशिकच्या एस.टी.त बसवलं. धाकट्या लेकीचं दुसरं बाळंतपण, सव्वा महिना तरी तिकडंच. निघताना मांडवाकडं बघत म्हणाली, "वेलीला रोज दोन बादल्या. इसरू नका."
चार वर्षांपूर्वी केरळच्या सहलीत तिनं पाचूवेल फुललेली पाहिली. पोपटाच्या चोचीसारखी फुलं, मोरपिसाच्या रंगाची, हातभर लांब घोस. रोप मांडीवर घेऊन आली. राहात्याच्या उन्हात कसली जगती, मी म्हणालो होतो. ओली पोती बांधून जगवली बाईनं. फूल मात्र अजून एक नाही.

९ डिसें.
डाळिंबाचं पाणी तोडलं, आंबे बहार धरायला; महिनाभर तहानेला ठेवलं की पहिल्या पाण्याला झाड फुलतं. वेल बघितली. नुसता पाला, माजलीये. तीस वर्षं बाग ताणावर टाकून फुलवतोय, हिला काय वेगळं? शोभा येईस्तोवर फुलली तर काय चेहरा होईल तिचा. बादल्या बंद. फोनवर तिला सांगितलं नाही.

२८ डिसें.
वेलीची पानं पिवळी. डाळिंबाचीपण. छान चाललंय.

७ जाने.
दोघांना पहिलं पाणी.

१५ जाने.
डाळिंबाला कोंब फुटले. वेल तशीच, वाळकी. फांदी वाकवली तर कट्कन तुटली. उद्या शोभा येणार.

१६ जाने.
पिशवी हातात तशीच धरून मांडवाखाली गेली. मी सगळं कबूल केलं. "आवं, ती काय डाळिंब हाय?" एवढंच बोलली. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग नखानं खोड खरवडलं. "बुडात जीव हाय."

१ फेब्रु.
वाळकं सगळं तिनं छाटलं. सकाळ-संध्याकाळ बादल्या मी. शेडनेट मी. चार वर्षं हे सगळं ती एकटी करत होती, आणि मी बागायतदार म्हणून मिरवतोय. बुडाशी दोन फुटवे. काय चिवट आहेत दोघी, शोभा आणि वेल.

३ मार्च
जुन्या खोडातून शेपटीसारखं काहीतरी लोंबतंय. शोभा कितीतरी वेळ बघत उभी. "कळ्या हायत." मी तोंड उघडलं. ताणानं आल्या, का ताण सोसून...
"बोलू नका. पानी आना."
आणलं.

८ मार्च
ऊन चढलंय. सकाळी तीन कळ्या गळालेल्या. शोभानं उचलून पदराच्या टोकाला बांधल्या. बाकीच्या अजून आहेत. मी ओलं पोतं बदललं.