तांबड्या कोंबड्याच्या पिसाची माशी

कुरखेडा, जि. गडचिरोली
१५ फेब्रुवारी १९८७

प्रिय नलू,

तुझं पत्र पोचलं. एकवीस वर्षांनी लिहिलंस आणि पत्त्यात घातलंस 'जि. चांदा'. अगं बाई, चांद्याचं चंद्रपूर झालं, त्या चंद्रपुरातून आमचा गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला, त्यालाही साडेचार वर्षं झाली. पत्र चंद्रपूरला गेलं आणि तिथून फिरत फिरत आलं. पोस्टमन झाडूभाऊ वर्गाच्या दारात येऊन म्हणाला, "बाई, हे तुमचंच असन. श्रीहरीची कांता म्हनून इथी दुसरी कोनी नाई." होय, मी इथल्या शाळेत मास्तरीण आहे, चौथीचा वर्ग माझ्याकडे असतो. तू विचारलं नाहीस, म्हणून मीच सांगते.

तू विचारलंस ते निराळंच. साहेब, म्हणजे तुझे बाबा, आता तुझ्याकडे हिमाचलात असतात. घराखालून ट्राउट माशांची नदी वाहते. तिथल्या एका दुकानदाराला मासे धरायच्या गळाची 'नलिनी' माशी विकायची आहे, साहेबांनी इंग्रजी मासिकात लिहून तुझ्या नावानं गाजवली तीच. पण त्याच्या कारागिरानं बांधलेली माशी पाण्यात बुडते, साहेबांचे हात थरथरतात, आणि तुला कृती आठवत नाही. मग लिहिलंस, 'तुला आठवत असेल ना गं, तू माझ्याजवळ बसून बघायचीस.' हे वाक्य मी चारदा वाचलं. वर्गातली पोरं पाढे म्हणायची थांबली, माझं तोंड बघून.

मी जवळ बसून बघायची? वा गं वा! बाप्पा, काय स्मरणशक्ती म्हणावी! तर मग ऐक, मला काय काय आठवतं ते.

सती नदीकाठचं ते फॉरेस्टचं विश्रामगृह आठवतं. माझा बाप श्रीहरी तिथं चौकीदार आणि खानसामा, तुझे बाबा जंगलखात्याचे मोठे साहेब. सुटीत तुम्ही महिनामहिना राहायचात. आपण दोघी अकरा वर्षांच्या. साहेब व्हरांड्यात बसून काठीचे तीन तुकडे एकात एक बसवायचे, चक्रीवरची जाड दोरी कड्याकड्यांतून ओवायचे, तिच्या टोकाला बारीक नायलॉन बांधायचे आणि सगळ्यांत शेवटी माशी. गळाला पिसं गुंडाळून केलेला किडा, पण माशाला वाटावं खराच किडा पाण्यावर पडला. विलायतेहून आलेल्या त्या माश्या मखमलीच्या डबीत असायच्या. आमचा वारलूकाका गांडूळ लावून मासे धरायचा, त्याला याचं भारी हसू यायचं. "साहेब माशाले दागिने घालून राह्यले," असं म्हणायचा.

तुला पाण्याचा कंटाळा यायचा. मी मात्र साहेबांच्या मागे मागे हिंडायची. पाणी घोट्याएवढं, खालचा खडा न् खडा दिसायचा. साहेब उंच गमबूट घालून ताठ उभे राहायचे आणि त्यांच्या आधी त्यांची सावली पाण्यात जायची. मासे पसार! मला कळत होतं काय चुकतंय ते. उथळ पाण्यात मासा प्रवाहाकडे तोंड करून असतो, म्हणून मागून जावं. गुडघ्यावर बसावं. शिसं लावू नये, ते दगडात अडकतं. दोरीच्या आधी माशीनं पाण्याला टेकावं. पण चौकीदाराच्या पोरीनं साहेबाला सांगायचं कसं? तेव्हा मला गप्प राहायची सवय होती, ती आता राहिली नाही.

आणि मग ती डबी. तू न विचारता काढून आणलीस, नदीत तिची होडी केलीस आणि ती गेली वाहून. आठवतं? की तेही मी जवळ बसून बघितलं? तू जांभळीखाली बसून एवढी रडलीस की मला हिवताप भरल्यासारखं झालं. "बाबा मला सोलून काढतील," म्हणालीस. एकच मोडकी माशी तुझ्या फ्रॉकला अडकून राहिली होती. ती मी घेतली, धागा धागा उसवून बघितली, कशावर काय गुंडाळलंय ते मनात धरलं आणि वारलूकाकाच्या बारीक गळांवर नव्या बांधायला बसले. पिसं आमच्या तांबड्या कोंबड्याच्या मानेची. आई दोन दिवस बोंबलत होती, "या कोंबड्याले काय रोग झाला बाप्पा, मान उघडी पडून राह्यली!" धागा कोशाचा, म्हणजे रानरेशमाचा, वारलूकाकाच्या बायकोनं दिलेला. नायलॉन उन्हात चमकायचं, म्हणून ते हिरड्याच्या पाण्यात बुडवून काळपट केलं. पहिल्या तीन माश्या बुडाल्या. चौथी तरंगली.

ही मी तुझ्यासाठी बांधली होती, नलू. तुला मार बसू नये म्हणून. दुसरं काही माझ्या डोक्यात नव्हतं, खरंच सांगते.

साहेबांनी ती दुसऱ्या दिवशी वापरली आणि दुपारपर्यंत वीतवीतभर सात चंदेरी मासे काढले. डबीचा राग कुठल्या कुठं गेला. तुला विचारलं, "कुणी बांधली?" तू म्हणालीस, "मी." मी तिथंच होते, पाण्याची घागर घेऊन. म्हटलं, असू दे, मैत्रीण आहे.

पण आठ दिवसांनी नागपूरचे पाहुणे आले. जेवणं चालली होती. साहेबांनी माशी हातोहात फिरवली. अकरा वर्षांच्या पोरीची कमाल, तिचं नाव 'नलिनी' ठेवलंय, मासिकाला लिहून पाठवतो, असं म्हणाले. मी पोळ्या वाढत होते. माझ्या तोंडातून निघून गेलं, "मी बांधली ते." सगळे हसले. आणि माझ्या बापानं, ज्यानं मला जन्मात कधी बोट लावलं नव्हतं, सगळ्यांसमोर माझ्या कानाखाली वाजवली. "साहेबाच्या पोरीले खोटी पाडून राह्यली काय?" पोळ्या खाली पडल्या. मी तुझ्याकडे बघितलं. तू ताटातला भात चिवडत होतीस.

एक शब्द, नलू. एक शब्द बोलली असतीस तर काय झालं असतं? साहेब दोन मिनिटं रागावले असते. मला त्या थपडेचं काही वाटत नाही आता. तुझ्या त्या खाली घातलेल्या मानेचं वाटतं. पुढं तुम्ही बदली होऊन गेलात आणि तू जाताना मला रिबिनी दिल्यास. मी त्या शेळीच्या गळ्यात बांधल्या.

बाप त्यानंतर कधी त्याबद्दल बोलला नाही. मी त्याच्याशी चार महिने बोलले नाही, मग बोलायला लागले, काय करणार, बाप होता. त्यानं मला शिकवलं, भांडून भांडून शिकवलं. गावात लोक म्हणायचे, पोरगी काऊन शिकवतं? तर म्हणायचा, तिले कोनापुढं पोळ्या वाढा लागू नये म्हनून. मागच्या पावसाळ्यात तो गेला. त्याची खाकी टोपी आईनं धुवायला काढली तर तिच्या बोटाला काहीतरी टोचलं. टोपीच्या आतल्या पट्टीत, कापडात खोचून ठेवलेली एक माशी होती. गळ गंजलेला, पिसं झडलेली, पण कोशाचा धागा तसाच पिवळा. माझ्या पहिल्या तिघींपैकी एक, बुडाल्या म्हणून मी जांभळीखाली फेकून दिल्या होत्या त्यातली. ती त्यानं उचलली, न सांगता, आणि वीस वर्षं डोक्यावर वागवली. त्याला माहीत होतं, नलू. मारलं तेव्हाही माहीत होतं. त्या नोकरीवर आमची चूल होती आणि त्याची हिंमत तेवढी पोचली नाही. मी ती टोपी तोंडाला लावून रडले. त्याच दिवशी मी त्याला सगळं माफ करून टाकलं.

तुला माफ करायचं राहिलंय. म्हणून हे पत्र.

तू कागदावर कृती मागितलीस. कृती मी लिहून देणार नाही. पण तू नमुना म्हणून पाठवलेली दुकानातली माशी मी गेल्या रविवारी सतीवर नेली. इतक्या वर्षांची माझी बांबूची काठी आहे, आताशा बाया बघतात आणि "मास्तरीण बाई गळ टाकून राह्यली" म्हणून हसतात, हसू देत. तुमची माशी तिसऱ्या फेकीला बुडाली. बुडणारच. पिसं, धागा, गाठ सगळं बरोबर आहे, पण बांधायच्या आधी पिसाला एक वस्तू लावावी लागते. ती इथल्या घराघरात चुलीजवळ असते आणि तुमच्या कुठल्याच दुकानात नसते. ते फक्त मला माहीत आहे, आणि बसून बघितल्यानं ते कळत नाही.

सोबत काडेपेटी पाठवते आहे. तिच्यात दोन माश्या आहेत. एक तुमच्या दुकानातली, एक मी परवा बांधलेली. बघून फरक कळणार नाही. साहेबांना कोवळं ऊन लागेल असं बसव आणि एका परातीत तुमच्या नदीचं गार पाणी आण. दोन्ही माश्या त्यात सोड. एकेक बोटानं दाबून सोड, साहेबांना बघू दे. एक तळाशी बसेल आणि एक तरंगत राहील. तरंगेल ती त्यांच्या थरथरत्या तळहातावर ठेव आणि सांग, "बाबा, ही कांतानं बांधली. तेव्हाची पण तिनंच बांधली होती. श्रीहरी चौकीदाराच्या कांतानं." ऐकायला कमी येत असेल तर कानाशी तोंड नेऊन सांग. मान खाली घालू नकोस. सांगितलंस की मला कळव, म्हणजे ती चुलीजवळची वस्तू मी डबाभर पाठवीन, आणि दुकानदाराच्या पाकिटावर कुठलं नाव छापायचं तेही तेव्हाच ठरवू. नाही सांगितलंस, तरी माशी तिथं परातीत तरंगत असेल, साहेब ती बघत असतील, आणि कुणी बांधली असं त्यांनी विचारलं तर तुला पुन्हा 'मी' म्हणावं लागेल.

तुझीच,
जवळ बसून न बघणारी
कांता श्रीहरी