संहिताच्या हॉकी स्टिकचं पातं

द हेग, रविवार

आदरणीय हरिहरराव,

थोरल्या साडूंना धाकट्या साडूचा मनापासून नमस्कार. कॅल्गरीत बर्फ पडायला लागला असेल. आपली कंबर कशी आहे? मृणालिनीताईंनाही नमस्कार सांगावा, पण हे पत्र त्यांना वाचून दाखवू नये. फोनच केला असता, पण आपल्याकडे फोन कायम स्पीकरवर असतो आणि मी जे बोलतो ते संध्याकाळच्या आत वैदेही मला परत ऐकवते (सख्ख्या बहिणींमध्ये बातमी फार वेळ पडून राहत नाही). म्हणून हा लिहिण्याचा खटाटोप.

उन्हाळ्यात आलात तेव्हा आपण संहितासाठी आइस हॉकीची स्टिक आणली होतीत. ती सुखरूप आहे असं वैदेहीने आपल्याला सांगितलं, ते खरं आहे. म्हणजे दांडा सुखरूप आहे. खालचं पातं गेलं. खंडेनवमीला आमच्या घरी ज्याच्या त्याच्या अवजारांची पूजा असते: माझा लॅपटॉप, वैदेहीचा मिक्सर, सायकलींच्या किल्ल्या. यंदा मी मोठ्या कौतुकाने संहिताची स्टिक चौरंगाला टेकवून उभी केली, तिला झेंडूची माळ घातली, पात्याला हळदकुंकू लावलं आणि शोभा यावी म्हणून समई अगदी तिच्या पायथ्याशी सरकवली. (दांडा आणि पातं वेगवेगळे असून गोंदाने जोडलेले असतात, हे आपण सांगितलं होतंत, तो गोंद उष्णतेने वितळतो हे सांगितलं नव्हतंत. दोष देत नाही, नुसती आठवण करून देतोय.) आम्ही जेवत असताना जळका वास आला. वैदेही म्हणाली, पोळी करपली वाटतं. पोळी करपली नव्हती. पातं काळं पडून मान टाकलेल्या कोंबडीसारखं लोंबत होतं. संहिताने ते पाहिलं, ‘राहू दे’ असं डचमध्ये म्हणाली आणि खोलीत गेली. एरवी मी मराठीत विचारायचं आणि तिने डचमध्ये उत्तर द्यायचं, अशी आमची पद्धत आहे. त्या दिवसापासून डचही बंद झालं. चौदा वर्षांची पोर, तोंडावर मोसमातली पहिली मॅच, आणि बापाने तिची स्टिक ओवाळून जाळली.

मग नवीन पातं शोधणं आलं. या देशात हॉकीच्या दुकानांना तोटा नाही, म्हणून दांडा घेऊन ट्रामने निघालो. (दांडा घेतलेल्या माणसाशेजारी कोणी बसत नाही, तेवढीच ऐसपैस जागा मिळाली.) दुकानातल्या मुलीने तो उलटसुलट करून पाहिला आणि हे हॉकीचं नाहीच म्हणाली. इथे हॉकी म्हणजे गवतावरची. बर्फावरच्या हॉकीशी यांचा रोटीबेटीव्यवहार नाही. शेवटी ऑनलाइन शोधलं, तर तिथे प्रश्नांची सरबत्ती: पातं मुलांचं की मोठ्यांचं, दांड्यात शिरणारा बुंधा सरळ की निमुळता, बाक मध्यावर की टोकाला? आपल्या सासऱ्यांनी मला मुलगी देताना इतकं विचारलं नव्हतं. मी सरळ बुंध्याचं मागवलं. ते दांड्याच्या तोंडात शिरेना, म्हणून कानशीने घासलं. (घासायचं नसतं.) दुसऱ्यांदा निमुळतं मागवताना उजवं की डावं असं विचारलं होतं. संहिताला बंद दाराबाहेरून विचारलं, उत्तर नाही. वैदेही म्हणाली, थांब, रात्री मी विचारते. मी म्हणालो, पोर लिहिते उजव्या हाताने, जेवते उजव्या हाताने, स्वतःच्या मुलीचा हात मला माहीत नाही का? उजवं मागवलं, हेअर ड्रायरने गोंद वितळवून स्वतः बसवलं आणि सरावाच्या दिवशी बर्फाच्या रिंकवर सर्वांदेखत तिच्या हातात दिलं.

तिची प्रशिक्षक मार्योलाइन बाई सभ्य आहे. ती हसली नाही. तिने मला समजावलं की उजव्या हाताची बरीच मुलं उजवा हात दांड्याच्या वरच्या टोकाला धरतात, म्हणून त्यांना डावं पातं लागतं. संहिता दोन वर्षं तशीच खेळतेय. दोन वर्षं दर शनिवारी मी रिंकच्या काचेमागे उभा असतो, हरिहरराव. हातात फोन असतो, पण उभा असतो. संहिता माझ्याकडे न बघता बाईंना डचमध्ये म्हणाली, ‘तो कधी बघतच नाही.’ नागरिकत्वासाठी मी इतकी मेहनत करून ती भाषा शिकलो, त्याचा त्या क्षणी पश्चात्ताप झाला. फार लागलं मला ते.

असो. तिसरं पातं डावं आलं, नीट बसलं, मॅच हरली. आपली भेट पुन्हा वापरात आहे. हा खेळ शहाण्या माणसांसाठी नाही असं माझं ठाम मत झालं आहे, आणि पुढच्या खंडेनवमीला फक्त लॅपटॉप.

आपला,
अंबरीश

ता. क. उजवं पातं गोंद लागल्यामुळे दुकान परत घेत नाही. ते कपाटात पडलेलं बघवेना, म्हणून त्याला बसेल असा एक दांडा घेतला.

आणखी ता. क. दांडा घेऊन नुसता ठेवायचा कशाला, म्हणून रिंकवर मोठ्यांच्या नवशिक्या वर्गात नाव घातलं. दर मंगळवारी असतो. (वैदेही समजते की ऑफिसची मीटिंग लांबते.) आपण कंबरेमुळे खेळणं सोडलंत असं कळलं, वाईट वाटलं. तर आपलं हेल्मेट आणि गुडघ्याकोपरांचे पॅड नुसते पडून असतील, तर आपला चिरंजीव अनिमेष नाताळात इकडे येतोय त्याच्याबरोबर पाठवावेत. खोक्यावर ‘पुस्तकं’ असं लिहावं. पत्र खरं तर एवढ्यासाठीच.

शेवटचं ता. क. मंगळवारी संहिताचा सराव आमच्या वर्गाच्या आधी संपतो. पहिल्याच दिवशी तिच्या सगळ्या टीमसमोर मी असा आपटलो की मला वाटलं, आता ही आडनावसुद्धा बदलेल. ती आली. मला बखोटीला धरून उभं केलं आणि बोलली. चक्क मराठीत, मैत्रिणींना कळू नये म्हणून, अगदी हळू: “बाबा, गुडघे बेंड कर. खाली नको बघू. माझ्याकडे बघ.” आईला तिने अजून काही सांगितलेलं नाही. आता मी दर मंगळवारी पडतोय, तेव्हा पॅड जमल्यास नाताळाच्या आधीच पाठवा.